भेंडीचा केवडा आणि पांढरी माशी: रोग पसरवणाऱ्या किडीचा अभ्यास घरच्या शेतात कसा सुरू करायचा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळी भेंडी, शेजारच्या काकांचा वीस गुंठ्याचा प्लॉट, पहिला तोडा व्हायच्या आतच शेंडे पिवळे पडायला लागले आणि आठ-दहा दिवसांत अर्धा प्लॉट हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसायला लागला. काकांनी थेट बियाण्याच्या दुकानात जाऊन भांडण केलं, दुकानदार म्हणाला हवामानच खराब आहे, तिसऱ्याने बांधावर उभं राहून सांगितलं मायक्रोन्यूट्रिएंट कमी पडलंय, चौथ्याने दोन औषधं एका पंपात कालवून मारायला लावली. एवढ्या सगळ्यात पान उलटं करून मागं बघितलं कुणीच नाही. मी पण नाही, आणि मी ॲग्री केलेला माणूस, म्हणजे बघा.

मग त्याच पुडीतलं उरलेलं बी काकांकडून मागून घेतलं आणि खरं काय ते शोधायला बसलो. त्यात दोनदा तोंडावर पडलो, पण पद्धत कळली. तीच इथं सांगतोय, ज्यांना किडी आणि पिकांचे रोग यावर पहिल्यांदाच काही करून बघायचंय त्यांच्यासाठी. तुम्ही ॲग्रीचे विद्यार्थी असा नाहीतर स्वतःच्या शेतात डोकं चालवणारे शेतकरी, मोठी लॅब लागत नाही. हजार-दीड हजाराचं सामान, एक वही आणि एक अख्खा हंगाम चिकाटी. शेवटचीच गोष्ट सगळ्यात महाग पडते.

उदाहरण सगळीकडं भेंडीच्या केवड्याचं घेतलंय. काही भागात याला हळद्या म्हणतात, पुस्तकात पिवळा शिरा मोझॅक. हा व्हायरसचा रोग, आणि तो पसरवते पांढरी माशी. १९२४ साली मुंबई इलाख्यातून याची नोंद झाली होती, म्हणजे शंभर वर्षं झाली आणि अजून आपण दुकानदाराशीच भांडतोय.

पायरी १: पीक एक, कीड एक, प्रश्न एक

नवीन माणूस हमखास इथंच फसतो. उत्साहात "माझ्या शेतातल्या सगळ्या किडींचा अभ्यास" असं वहीवर लिहितो आणि तिसऱ्या आठवड्यात वही गोठ्यात पडलेली असते. एक पीक धरा, एक कीड धरा आणि ज्याचं उत्तर मोजून देता येईल असा एकच प्रश्न धरा. "पांढरी माशी वाईट का?" याला प्रश्न म्हणत नाहीत. "जुन्या भेंडीच्या प्लॉटला लागून असलेल्या सऱ्यांत केवडा आधी येतो का?" हा प्रश्न झाला, कारण सऱ्या मोजता येतात, झाडं मोजता येतात, तारीख लिहिता येते.

पायरी २: सामान

दहा पट मोठं दाखवणारं भिंग (दागिन्यांच्या दुकानात वापरतात तसलं चालतं), पिवळे चिकट सापळे, झाडांना बांधायला रंगीत रिबिनी, चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश, झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटल्या, ७० टक्के अल्कोहोल, आलेख कागद, शिसपेन्सिल. आणि जाळीचं कापड, ४० किंवा ५० मेशचं (मेश म्हणजे एका इंचात किती भोकं), ज्याला दुकानात इन्सेक्ट नेट म्हणतात.

जाळीवर पैसे वाचवू नका. मी पहिल्यांदा घरची जुनी मच्छरदाणी वापरली होती. डास अडतो म्हणजे माशी पण अडेल असं वाटलं, पण पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची असते, मच्छरदाणीच्या भोकातून ती दारातून यावी तशी आत येते. त्या जाळीत लावलेल्या बारा रोपांपैकी तीन पिवळी पडली आणि मी जवळजवळ काकांना सांगणारच होतो की तुमचं बरोबर आहे, बीच खराब. थोडक्यात वाचलो.

पेन्सिल का, तर बाटलीत टाकायची चिठ्ठी बॉलपेनने लिहिली की अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. माझ्याकडं अजून एक बाटली आहे जिच्यात निळसर पाणी, सहा तुडतुडे आणि एक कोरा कागद आहे. कुठले तुडतुडे, कधीचे, देव जाणे.

पायरी ३: आधी रोग ओळखा

पान पिवळं दिसलं की लगेच व्हायरस म्हणू नका. पान तोडा, सूर्याकडं धरा आणि एकच बघा: पिवळं नेमकं काय झालंय, शिरा की शिरांमधली जागा?

केवड्यात शिरा पिवळ्या होतात. सुरुवातीला मधली जागा हिरवीच असते, त्यामुळं पानावर पिवळ्या दोऱ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं, मग हळूहळू सगळं पानच पिवळं, शेवटी भेंडी पण पिवळट, आखूड आणि निबर. लोह कमी पडलं तर बरोबर उलटं, शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी होते, तेही कोवळ्या पानांवर आधी. तुडतुड्यांनी रस शोषला असेल तर कडा आधी पिवळ्या पडतात, मग वळतात, मग करपतात. तणनाशकाचा वारा लागला असेल तर पानं अरुंद, पिळल्यासारखी होतात, आणि ज्या बाजूने वारा आला त्या बाजूला जास्त. ही चार चित्रं डोक्यात बसली की अर्धं काम झालं. चारही प्रकारांचे फोटो मोबाईलमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवा, दिवसा ढगाळ उजेडात काढलेले, कडक उन्हातल्या फोटोत सगळंच पिवळं दिसतं.

पायरी ४: माशी ओळखा, मग मोजा

नाव माशी असलं तरी ही घरमाशीच्या जातकुळीतली नाही, मावा-तुडतुड्यांची भाऊबंद आहे, सोंड खुपसून रस पिणारी. झाड हलवलं की पानामागून पिठाची फुंकर मारल्यासारखी उडते आणि परत येऊन बसते.

मोजायला सकाळी लवकर जा, सहा ते आठच्या दरम्यान, गारव्यात ती सुस्त असते. दहानंतर गेलात तर तुम्ही पानाला हात लावायच्या आत ती पसार, आणि वहीत येतो शून्य, आणि मग लोक म्हणतात आमच्याकडं माशीच नाही. पानाच्या टोकाला दोन बोटांनी धरून हळू उलटं करायचं, आपली सावली पानावर पडू द्यायची नाही, श्वास पण जरा लांबच ठेवायचा.

एका झाडाची तीन पानं: वरचं, मधलं, खालचं. हे उगाच नाही. मोठी माशी कोवळ्या पानावर बसते आणि तिथंच अंडी घालते, पिल्लं एकदा चिकटली की जागा सोडत नाहीत, झाड वर वाढत जातं आणि पिल्लांचं पान खाली राहतं. म्हणून वरच्या पानावर माश्या, खालच्या पानावर मोठी पिल्लं. फक्त वरचं पान बघणाऱ्याला पुढच्या आठवड्यात काय येणारे ते कळतच नाही.

भिंगातून खालचं पान बघायला मजा येते खरी. अंडं देठावर उभं असतं, शिवणाच्या टाचणीसारखं. त्यातून निघालेलं पिल्लू थोडं फिरतं, जागा निवडतं आणि मग पिवळसर चपट्या खवल्यासारखं चिकटून बसतं, शेवटच्या अवस्थेत त्याचे लाल डोळे दिसायला लागतात. आणि रिकामं टरफल सापडलं तर त्याचं भोक बघा. इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असेल तर त्यातून माशी बाहेर पडली. गोल भोक असेल तर आतलं पिल्लू एका अगदी बारीक गांधीलमाशीसारख्या मित्रकीटकाने खाल्लं आणि तोच बाहेर पडला. गोल भोकं किती, टीवाली किती, हे पण मोजून ठेवा, यावर फार कमी लोक लक्ष देतात आणि फवारणी करायची की थांबायचं हे ठरवताना हाच आकडा कामाला येतो. उबदार दिवसांत अंड्यापासून माशीपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त.

तुडतुड्याशी गोंधळ होत असेल तर सोपी खूण: हात लावला की तुडतुड्याचं पिल्लू तिरकं पळतं, खेकड्यासारखं. पांढऱ्या माशीचं पिल्लू पळतच नाही.

झाडं कुठली निवडायची? इथं स्वतःच्या मनावर विश्वास ठेवू नका, डोळा आपोआप आजारी झाडाकडंच जातो. मी आधीच घरी बसून आकडे लिहून नेतो: चौथी सरी, सतरावं झाड, नववी सरी, तिसरं झाड, असे वीस. शेतात जाऊन तेच झाड बघायचं, मग ते कितीही टवटवीत असो. वीस झाडं, साठ पानं, समजा ८४ माश्या भरल्या तर पानाला १.४. दर आठवड्याला एकच वार, एकच वेळ, शक्यतो मोजणारा माणूस पण एकच, कारण तुमचा भाऊ मोजतो ते आणि तुम्ही मोजता ते कधीच सारखं येत नाही. जोराचा पाऊस झाला, फवारणी झाली, पाणी दिलं, सगळं त्याच पानावर लिहायचं. पावसाने माशी धुतली जाते, नंतर तो आकडा बघून तुम्हाला वाटेल औषधाने कमाल केली.

पायरी ५: चिकट सापळे

पिवळ्यावर पांढरी माशी, मावा, तुडतुडे येतात, निळा रंग फुलकिड्यांसाठी जास्त बरा. नुसतं निरीक्षण करायचं असेल तर एकरी चार-पाच पुरतात. सापळा पिकाच्या शेंड्याच्या उंचीला लावायचा आणि पीक वाढेल तसा वर सरकवायचा, लोक एकदा लावतात आणि मग तो पानांच्या गर्दीत बुडून जातो. दर आठवड्याला काढा, वर पातळ प्लॅस्टिक चिकटवा, तारीख टाका, सावलीत बसून मोजा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, सापळा उडणारी माशी सांगतो आणि पान बसलेली, दोन्ही आकडे एकत्र करायचे नाहीत. सापळा आधी वाढला आणि पानं नंतर वाढली, तर माशी बाहेरून येतीये. कुठून येतीये, त्यासाठी चारही बांधांवरचे सापळे वेगळे मोजा.

पायरी ६: नकाशा काढा, हेच खरं काम

आलेख कागदावर शेत उतरवा. एक चौकोन म्हणजे एक झाड, जमत नसेल तर एक चौकोन म्हणजे पाच झाडं. दर आठवड्याला प्रत्येक सरीतून चालत जायचं आणि नवीन पिवळं पडलेलं झाड त्या आठवड्याच्या रंगाने भरायचं, पहिला आठवडा लाल, दुसरा निळा असं. झाडालाही त्याच रंगाची रिबीन. कंटाळवाणं आहे, उन्हाळ्यात तर जीव जातो, पण तीन-चार आठवड्यांनी कागद समोर धरला की तो बोलायला लागतो.

रोग एका बांधाकडून आत सरकत गेला असेल तर त्या बांधापलीकडं काहीतरी आहे. शेतभर एक-एक झाड विखुरलेलं असेल तर माशी लांबून उडत आली. पुंजके असतील तर आधी एक झाड पडलं आणि मग शेजाऱ्यांना दिलं. आणि अख्खी सरीच्या सरी एकसारखी पिवळी असेल तर बहुतेक हा रोगच नाही, ड्रिप तुंबलंय किंवा खत चुकलंय.

काकांच्या शेताचा नकाशा मी दुसऱ्या वर्षी काढला. पहिल्या आठवड्याचे सगळे लाल चौकोन पश्चिमेच्या बांधाला. बांधापलीकडं काय, तर काकांचीच गेल्या हंगामातली भेंडी, तोडे संपल्यावर जनावरांना होईल म्हणून उभी ठेवलेली, पिवळीजर्द, आणि पानामागं माश्यांचा बाजार. हे त्यांना सांगायचं कसं यावर मी दोन दिवस विचार करत होतो.

तारखेचं गणित इथंच जोडा. माशीने रोग दिल्यापासून पान पिवळं दिसेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे चाळिसाव्या दिवशी पिवळं पान दिसलं तर माशी विसाव्या-पंचविसाव्या दिवशीच येऊन काम करून गेली. आज पिवळं दिसलं म्हणून आज फवारणारा माणूस चोर गेल्यावर कुलूप लावतोय. पहिल्या महिन्यात रोग लागला तर पीक जवळजवळ हातातून जातं, दोन महिन्यांनंतर लागला तर बरेच तोडे निघून गेलेले असतात, त्यामुळं तुमच्या वहीतले पहिले चार आठवडे सोन्याच्या भावाचे आहेत, नेमके तेव्हाच लोक "अजून काही दिसत नाही" म्हणून मोजत नाहीत.

पायरी ७: कीड रोग नेते कशी

हे समजल्याशिवाय पुढचा प्रयोग करू नका, कारण प्रत्येक किडीची तऱ्हा वेगळी.

मावा म्हणजे उष्टा चमचा. आजारी झाडात सोंड टोचली की व्हायरस सोंडेच्या टोकाला चिकटतो, काही सेकंदांत, आणि पुढच्या एक-दोन झाडांवर पुसला जातो. पपईचा रिंगस्पॉट असाच पसरतो. गंमत म्हणजे पपईवर मावा वसती करतच नाही, येतो, चव बघतो, आवडलं नाही म्हणून पुढच्या झाडावर जातो आणि त्या चव बघण्यातच घात होतो. म्हणून पपईत मावा शोधून सापडत नाही आणि फवारणीनेही रोग थांबत नाही, औषध लागून तो मरेपर्यंत त्याचं टोचून झालेलं असतं. तिथं भोवती मक्याच्या दाट ओळी लावतात, मावा आधी मक्यावर टोचतो आणि सोंड पुसली जाते. २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटोवर "तिरंगा व्हायरस" म्हणून जी बोंब उठली होती, त्याच्या तपासणीत निघालेला काकडीवर्गीय मोझॅकचा व्हायरसही माव्याकडूनच पसरणारा. तेव्हा तो टोमॅटो खाल्ला तर माणसाला होतो अशी अफवा पसरली आणि भाव पडले. झाडांचे हे व्हायरस माणसाला होत नाहीत, एवढं तरी आपल्या घरी सांगा.

पांढरी माशी वेगळी. तिच्यात केवड्याचा व्हायरस सोंडेतून पोटात, पोटातून रक्तात आणि फिरून लाळेत येतो. त्याला काही तास लागतात, पण एकदा लाळेत आला की ती माशी पुढं कित्येक दिवस, बहुतेक मरेपर्यंत, रोग देत राहते. एक माशीसुद्धा पुरते. म्हणून कापसात पानाला आठ-दहा माश्या झाल्यावर फवारा असा जो हिशोब सांगतात तो रस शोषण्याच्या नुकसानाचा आहे, केवड्यासाठी तो आकडा धरून बसलात तर बसूनच राहाल.

फुलकिड्यांचं तर अजून विचित्र. भुईमुगाच्या शेंडेमरचा व्हायरस, जो टोमॅटो-कलिंगडावरही येतो, तो फुलकिडा फक्त लहानपणी घेऊ शकतो. पिल्लू असताना आजारी पानावर जेवला तरच मोठेपणी रोग देणार, मोठा झाल्यावर कितीही आजारी पानं खाल्ली तरी नाही. वांग्याचा बोकड्या, ज्यात पानं बारीक होऊन झुडपासारखं दिसतं, तो तुडतुड्यांकडून जातो आणि तो व्हायरस नाहीच, फायटोप्लाझ्मा आहे, म्हणजे झाडाच्या रसवाहिन्यांत राहणारा एक प्रकारचा जिवाणू. तुरीचा वांझ रोग तर कीटक नेतच नाही, डोळ्यांना न दिसणारा एक कोळी (माइट) नेतो. त्यामुळं "रसशोषक किडी" असा एकच गठ्ठा बांधून अभ्यास करता येत नाही.

पायरी ८: पुरावा, म्हणजे जाळीतला प्रयोग

माशी वाढली आणि रोग वाढला, दोन्ही एकत्र दिसलं म्हणून माशीनेच रोग दिला असं सिद्ध होत नाही. एप्रिलमध्ये आंबेही वाढतात.

सोपा प्रयोग आधी. एकाच पुडीतलं बी अर्धं जाळीत, अर्धं जाळीबाहेर, माती तीच, पाणी तेच. मच्छरदाणीच्या फजितीनंतर मी ५० मेशच्या जाळीत परत लावलं, कडा मातीत पुरल्या, पाणी द्यायला आत पाईप ठेवून दिला म्हणजे सारखी जाळी उघडायला नको. आत अकरा रोपं उगवली, बाहेर दहा. पंचेचाळिसाव्या दिवशी बाहेरची सात पिवळी, आतलं एकही नाही. काकांना हात धरून आणून दाखवलं. ते बराच वेळ जाळीला डोळा लावून उभे होते, मग म्हणाले, "जाळीत सावली असती, म्हणून नसंल झालं." आणि खरं सांगू का, हा प्रश्न बरोबर होता. त्यामुळं तुम्ही करताना तिसरा गट पण ठेवा: तीच जाळी, पण खालून एक वीत उघडी. सावली तेवढीच, माशीला रस्ता मोकळा.

यातून एवढंच कळतं की जाळीबाहेरचं काहीतरी रोग आणतंय आणि बी निर्दोष आहे. माशीनेच आणला हे दाखवायला पुढचा प्रयोग, आणि तो जरा किचकट आहे.

आधी रोगमुक्त माश्या हव्यात. शेतातून पकडलेल्या माश्या आधीच रोग घेऊन बसलेल्या असू शकतात. म्हणून जाळीत वांग्याची रोपं वाढवा, त्यावर थोड्या माश्या सोडा, अंडी घालू द्या, त्या मोठ्या माश्या काढून टाका आणि अंड्यातून जी पिढी निघेल ती वापरा. वांग्यावर माशी छान वाढते आणि भेंडीचा केवडा वांग्याला होत नाही. पकडायला काचेची नळी आणि रबरी पाईप, एका बाजूने तोंडाने हलकं ओढायचं. मध्ये मलमलचं कापड घट्ट बांधायला विसरू नका, नाहीतर माशी नळीत न थांबता थेट तुमच्या घशात, आणि हे मी कुणाच्या अनुभवावरून सांगतोय ते विचारू नका. फवारलेल्या प्लॉटवर तर ही नळी तोंडात धरूच नका.

मग निम्म्या माश्या केवड्याच्या झाडावर जाळीत चोवीस तास ठेवा, निम्म्या निरोगी भेंडीवर चोवीस तास. त्यानंतर दोन्ही गटांतल्या माश्या प्रत्येकी दहा-दहा करून जाळीतल्या निरोगी कोवळ्या रोपांवर सोडा, दोन पानांच्या अवस्थेतली रोपं सगळ्यात चांगली. काही रोपांवर एकही माशी नको. आणखी चोवीस तासांनी सगळ्या माश्या मारा आणि महिनाभर रोज बघत राहा. प्रत्येक गटात किमान दहा रोपं तरी ठेवा. आजारी झाडावरून आलेल्या माश्यांची रोपं पिवळी पडली आणि बाकी दोन्ही गट हिरवे राहिले तर हा पुरावा आहे. बिनमाशीच्या गटातलं एकही रोप पिवळं पडलं तर जाळी फाटलीये, प्रयोग पहिल्यापासून. राग येतो, पण तो निकाल पोटात ठेवून पुढं जाऊ नका.

पायरी ९: शेतात उपाय तपासायचा असेल तर

मक्याची कड, चंदेरी मल्चिंग (जमिनीवर अंथरायचं चंदेरी प्लॅस्टिक), जुना प्लॉट आधी काढणं, यातलं काय चालतं हे बघायचं असेल तर अर्ध्या शेतात उपाय आणि अर्ध्यात नाही असं करू नका. अर्धं शेत विहिरीकडं असतं, अर्धं रस्त्याकडं, फरक कशाने पडला कोण सांगणार? छोटे तुकडे पाडा, प्रत्येक उपाय निदान चार ठिकाणी, आणि कुठं काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठ्या टाकायला लाज वाटून घेऊ नका, विद्यापीठातही कॉम्प्युटरवर तेच करतात. शेवटी प्रत्येक तुकड्यातली आजारी झाडं मोजा, २०० पैकी ३४ म्हणजे १७ टक्के, आणि तोड्याचं वजन पण घ्या, कारण शेतकऱ्याला टक्के नकोत, किलो हवेत.

वाण तपासायचा असेल तर हेच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली परभणी क्रांती ही भेंडी एका रानभेंडीशी संकर करून केवडा सोसणारी म्हणून तयार केली होती, आणि त्या संकरातला दुसरा वाण होता पुसा सावनी, जो त्याच्या काळात स्वतःच केवडा न होणारा म्हणून गाजला होता. दोन्हींवर पुढं रोग यायला लागला. त्यामुळं पाकिटावर काय छापलंय यापेक्षा तुमच्या शिवारात, तुमच्या नकाशावर काय दिसतं ते लिहा. आणि फवारणीचे तुकडे ठेवणार असाल तर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारून नंतर माशी मोजून बघा, मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलटी वाढते, कापसात हे कित्येकदा दिसलंय.

पायरी १०: नमुना कुणाला दाखवायचा

कीड असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, पेन्सिलची चिठ्ठी आत: गाव, पीक, तारीख, कुणी गोळा केली. पानाची व्हायरस तपासणी करायची असेल तर नुकतं लक्षण दिसायला लागलेलं कोवळं पान घ्या, वाळलेलं नको, झिपच्या पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा, लांब पाठवायचं तर सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे खडे) वाळवून. सोबत निरोगी झाडाचं एक पान वेगळ्या पिशवीत, हे सगळेच विसरतात.

पहिला दरवाजा जवळचं कृषी विज्ञान केंद्र. मग तुमच्या भागाप्रमाणे राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीचं विद्यापीठ. कांद्याच्या फुलकिड्यांचं काही असेल तर राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय, संत्र्याचं आणि कापसाचं नागपूरला. कृषी सहाय्यकाला क्रॉपसॅपबद्दल पण विचारा. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार केला, त्यानंतर राज्याने हे कीड-रोग सर्वेक्षण सुरू केलं, त्यात ठरलेल्या शेतांवर नेमाने जाऊन मोजणी होते, एक दिवस त्यांच्यासोबत फिरलात तर पंधरा दिवसांचं वाचन वाचतं. जाताना वही आणि नकाशा घेऊन जा. "साहेब, भेंडी पिवळी पडलीये" म्हणणाऱ्याला औषधाचं नाव मिळतं, नकाशा टेबलावर पसरणाऱ्याला खुर्ची मिळते.

काम झालं की जाळीतली आजारी रोपं आणि माश्या तिथंच संपवा, रोपं उपटायच्या आधी माश्या मारा, नाहीतर उपटताना त्या उडून नेमक्या शेजाऱ्याच्या शेतात जातात आणि मग पुढच्या वर्षी नकाशावरचा लाल कोपरा तुमचा असतो.

काकांना नकाशा शेवटी मी काकूंसमोर दाखवला, एकट्याने दाखवायची हिंमत नव्हती. ते काही बोलले नाहीत. पण या वर्षी भेंडी टोकायच्या तीन आठवडे आधी त्यांनी जुना प्लॉट मुळासकट काढला आणि बी त्याच दुकानातून आणलं, फक्त स्वतः गेले नाहीत, मला पाठवलं.